५८ ला रिटायर? जेआरडी टाटांनी ७८ व्या वर्षी कराचीहून मुंबईपर्यंत एकट्याने विमान उडवत आणलं होतं

तारीख १५ ऑक्टोबर १९८२. ठिकाण जुहूचा विमानतळ. कराचीहून निघालेलं एक इंजिनाचं छोटंसं लेपर्ड मॉथ विमान अहमदाबादमार्गे येऊन धावपट्टीवर उतरलं. ३० च्या दशकातलं मॉडेल. आत एकच माणूस, तोच वैमानिक. वय वर्षं ७८.

ते होते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जेआरडी.

आता हा किस्सा आजच का? तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की एअर इंडियाने आपल्या वैमानिकांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६५ केलं. त्याच सुमारास आयाटा या जगभरातल्या विमान कंपन्यांच्या संघटनेने मागणी केली की ६५ पण कमी पडतंय, ६७ करा. वैमानिकांच्या मोठ्या संघटनांनी लगेच विरोध केला. गंमत बघा, ज्यांना जास्त वर्षं नोकरी मिळणार तेच नको म्हणतायत.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तर निवृत्तीचं वय हा जेवणाच्या ताटावरचा विषय आहे. एकाच चाळीत राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एक राज्य सरकारच्या नोकरीतून ५८ ला घरी येतो, दुसरा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून ६० ला. तिसरा खासगी कंपनीतला, त्याला कधी घरी बसवतील ते त्यालाही माहीत नसतं. अंगात ताकद असताना घरी बसायचं का, आणि बसायचं नाही तर खालच्या पोरांना जागा कधी मिळणार, हे भांडण तिथेही तेच आहे आणि कॉकपिटमध्येही तेच आहे. फरक एवढाच की कॉकपिटमधल्या माणसाच्या पाठीमागे दोन-तीनशे जीव बसलेले असतात.

भारतात हे भांडण समजून घ्यायचं तर जेआरडींइतकं चांगलं आयुष्य दुसरं सापडणार नाही. कारण वयाच्या नियमाच्या सगळ्या बाजूंना हा माणूस कधी ना कधी उभा राहिलाय.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील आर. डी. टाटा पारशी, आई सुझान फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समध्ये हार्डेलोच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचं. तिथे शेजारी कोण? लुई ब्लेरियो. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा. त्याची विमानं किनाऱ्यावर उतरायची आणि हे पोरगं बघत बसायचं. पंधराव्या वर्षी त्याला तिथेच एका विमानातून फेरी मारायला मिळाली. झालं, डोक्यात किडा शिरला तो कायमचा.

पण शिकायची सोय व्हायला पुढे जवळपास दहा वर्षं गेली. मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला आणि जेआरडी लगेच तिथे पोचले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. भारतात दिलेला पहिला परवाना.

पुढे आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. भारत ते इंग्लंड किंवा इंग्लंड ते भारत, भारतीय माणसाने एकट्याने उडत जायचं. जेआरडी कराचीहून निघाले. समोरून इंग्लंडहून येत होता अस्पी इंजिनीअर नावाचा मिसरूड फुटायच्या वयातला मुलगा. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये अबुकीरला. अस्पीकडचे स्पार्क प्लग संपले होते आणि तो अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जादाचे प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी आधी पोचला आणि बक्षीस घेऊन गेला. पुढे हाच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. या गोष्टीत वयाचा काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर मुद्द्यावर येऊ.

त्या काळात लंडनहून येणारं विमानाचं टपाल कराचीपर्यंतच यायचं. तिथून पुढे मुंबई-मद्रासला रेल्वेने. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेल्या वैमानिकाने कल्पना काढली की हे टपाल पुढे आपण विमानाने नेऊ. जेआरडींनी ती उचलून धरली. घरातली मोठी मंडळी काही फार खूश नव्हती, पण दोन लाख रुपयांच्या भांडवलाला होकार मिळाला. सरकारी फाइल मात्र तीन वर्षं फिरत राहिली. शेवटी अनुदान नको, जेवढं टपाल नेऊ त्याचेच पैसे द्या, असं म्हटल्यावर काम मार्गी लागलं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीच्या द्रिघ रोडवरून पस मॉथ विमान उचललं. सोबत २५ किलो टपाल. मध्ये अहमदाबादला थांबून इंधन घ्यायचं. ते इंधन आलं होतं बैलगाडीतून, डब्यांमध्ये भरून. विमान आणि बैलगाडी एकाच चित्रात. दुपारी जुहूला उतरले आणि तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला विमान नेलं व्हिन्सेंटने.

जुहू म्हणजे तेव्हा समुद्राकाठची सपाट, चिखलाची जमीन. ऑफिस म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली शेड. पावसाळा लागला की धावपट्टी पाण्याखाली जायची, मग सगळा बाडबिस्तरा उचलून पुण्याला येरवड्याच्या मैदानावर. रेडिओ नाही, वाट दाखवणारा कुणी नाही. नदी, रेल्वेचे रूळ आणि किनारा बघत उडायचं. एवढं असून पहिल्या पूर्ण वर्षात टपाल चुकलं नाही, १५५ प्रवासी नेले आणि ६० हजार रुपये नफा झाला.

इथे उल्हासनगरकरांसाठी एक गोष्ट. १९३२ मध्ये कराची आणि मुंबई एकाच प्रांतात होत्या. सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे जेआरडींचं ते पहिलं उड्डाण प्रांतातल्या प्रांतातच होतं. पंधरा वर्षांनी फाळणी झाली आणि कराचीची, सिंधची माणसं जहाजांनी, गाड्यांनी मिळेल तशी इकडे आली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये त्यांनी संसार मांडले आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. १९८२ ला जेआरडी परत कराचीहून निघाले तेव्हा ते परदेशातून आले होते. ज्या घरांमध्ये आजी-आजोबा अजून कराचीच्या गोष्टी सांगायचे, त्या घरांत ही बातमी वेगळ्याच कानांनी ऐकली गेली असणार.

पुढचं बरंचसं तुम्हाला माहीत असेल, म्हणून भराभर सांगतो. १९३८ ला वयाच्या ३४ व्या वर्षी जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. इतका तरुण माणूस एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसला तेव्हा तुझं वय झालेलं नाही असं कुणी म्हटलं नाही, हे लक्षात ठेवा. व्हिन्सेंट मात्र १९४२ मध्ये युद्धकाळातल्या विमान प्रवासात गेला. १९४६ ला टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. १९५३ ला सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना ते अजिबात पटलं नव्हतं. तरीही सरकारने अध्यक्षपद दिलं ते त्यांनी घेतलं आणि २५ वर्षं सांभाळलं. प्रवास करताना पडद्याच्या रंगापासून कॉफीपर्यंत सगळ्याच्या नोंदी काढायचे आणि उतरल्यावर अधिकाऱ्यांना पाठवायचे.

याच काळात जगात वैमानिकांसाठी वयाची रेघ ओढली गेली.

५० च्या दशकाच्या शेवटी पंख्याची विमानं जाऊन जेट विमानं येत होती. विमान मोठं, वेग जास्त, प्रवासी जास्त. अमेरिकेत अमेरिकन एअरलाइन्सचं आपल्याच वैमानिकांशी निवृत्तीच्या वयावरून भांडण चालू होतं. कंपनीला ६० ला निवृत्ती हवी होती, वैमानिक तयार नव्हते. कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी १९५९ मध्ये थेट सरकारच्या विमान वाहतूक खात्याचे प्रमुख एलवुड क्वेसाडा यांच्याकडे हा विषय नेला. त्याच वर्षअखेरीस सरकारचा नियम आला आणि १५ मार्च १९६० पासून लागू झाला. ६० झाले की प्रवासी विमान चालवायचं नाही. कारण दिलं गेलं अचानक येणाऱ्या हार्ट अटॅकचं आणि वयाबरोबर मंदावणाऱ्या हालचालींचं. क्वेसाडा खात्यातून बाहेर पडले आणि अमेरिकन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. त्यामुळे ६० हा आकडा डॉक्टरांनी काढला की कंपनीने, हा वाद तिथले वैमानिक पुढची कित्येक वर्षं घालत होते.

एअर इंडियातही त्याच वर्षी पहिलं बोइंग ७०७ आलं. १९६२ पर्यंत ताफ्यात फक्त जेट विमानं उरली. आणि त्याच १९६२ च्या १५ ऑक्टोबरला, पहिल्या उड्डाणाला ३० वर्षं झाली म्हणून, जेआरडींनी कराची ते मुंबई हा प्रवास छोट्या विमानातून स्वतः उडवत पुन्हा केला. तेव्हा त्यांचं वय होतं ५८. बरोब्बर तो आकडा.

आता थोडी कडू गोष्ट.

जेआरडी अध्यक्ष असलेल्या एअर इंडियात हवाई सुंदरींसाठी नियम होता. वयाच्या ३५ व्या वर्षी निवृत्ती. नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर नोकरी गेली. पहिलं गरोदरपण आलं की नोकरी गेली. ३५ नंतर पुढची वाढ हवी तर ती व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर, जास्तीत जास्त ४५ पर्यंत. त्याच विमानात जवळपास तेच काम करणाऱ्या पुरुष पर्सरला मात्र ५८ पर्यंत नोकरी.

हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा, निकाल १९८१. कोर्टाने गरोदरपणाची अट आणि मर्जीची अट उडवून लावली. चार वर्षांत लग्न नको ही अट मात्र राहू दिली. निकाल लागला तेव्हा जेआरडी अध्यक्ष नव्हते, पण हे नियम त्यांच्या काळात चालत होते. स्वतः ५८ ला कराचीहून उडत आलेल्या माणसाच्या कंपनीत बायकांना ३५ ला म्हातारं ठरवलं जात होतं, आणि त्याचा विमान सुरक्षित उतरण्याशी काडीचा संबंध नव्हता. जेआरडींवर लिहिलेल्या कौतुकाच्या लेखांमध्ये हे सहसा सापडत नाही.

मग त्यांची स्वतःची वेळ आली.

१ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं सम्राट अशोक हे जम्बो मुंबईहून उडालं आणि वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं आणि त्यांच्या जागी हवाई दलाचे माजी प्रमुख पी. सी. लाल यांना आणलं. जेआरडींना हे सरकारकडून सरळ कळलंच नाही, दुसऱ्याच्या तोंडून कळलं. ज्या कंपनीचं पहिलं टपाल स्वतः उडवत आणलं, तिथून ७३ व्या वर्षी असं जावं लागलं. वयाचं कारण कुणी दिलं नव्हतं. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना परत संचालक मंडळावर घेतलं, अध्यक्ष म्हणून नाही.

आणि मग आला १९८२ चा ऑक्टोबर. पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं.

देशात निराशा आहे, तरुणांमध्ये पूर्वीची धमक राहिली नाही असं जेआरडींना वाटायचं आणि या उड्डाणाने थोडा उत्साह यावा अशी त्यांची इच्छा होती. ७८ व्या वर्षी घरच्यांनी पायऱ्या जपून उतरा म्हणायच्या वयात माणूस एकटाच कॉकपिटमध्ये चढला. कराची, अहमदाबाद, जुहू. तीच वाट. इंधनाची बैलगाडी तेवढी नव्हती.

इथे तुमच्या मनात प्रश्न आला असेल. ६० चा नियम होता तर ७८ ला परवानगी कशी मिळाली?

तर वयाचा नियम लागतो तो पैसे घेऊन प्रवासी किंवा माल नेणाऱ्या विमानाला. स्वतःच्या हौसेसाठी उडणाऱ्या माणसाला वयाची वरची मर्यादा नाही, तब्येतीची तपासणी पास झाली की बस्स. म्हणजे त्या लेपर्ड मॉथमध्ये मागच्या सीटवर तिकीट काढलेला एक जरी प्रवासी बसला असता, तरी जेआरडींना ते उडवता आलं नसतं. नियम त्यांच्यासाठी नव्हताच, तो त्या प्रवाशासाठी आहे. वैमानिकांच्या निवृत्तीच्या भांडणात हे सगळ्यात आधी विसरलं जातं. एखादा ७८ चा माणूस ठणठणीत आहे एवढ्यावरून ७८ चे सगळे ठणठणीत ठरत नाहीत, आणि पुढच्या सहा तासांत कुणाचं हृदय दगा देणार हे कुठलीच तपासणी नक्की सांगू शकत नाही.

२००९ या एकाच वर्षातली दोन उदाहरणं घ्या. १५ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये पक्षी धडकून दोन्ही इंजिनं बंद पडली आणि कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं. १५५ पैकी १५५ जण वाचले. त्यांचा ५८ वा वाढदिवस होता आठ दिवसांवर. म्हणजे एअर इंडियाच्या जुन्या नियमात ते निवृत्तीच्या निरोप समारंभाची तयारी करत असते. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रसेल्सहून अमेरिकेला निघालेल्या कॉन्टिनेन्टलच्या विमानात अटलांटिकवर असताना ६० वर्षांच्या कॅप्टनचा मृत्यू झाला. कॉकपिटमधल्या बाकीच्या वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवलं, खाली येईपर्यंत बहुतेक प्रवाशांना कळलंही नाही.

दोन्ही बाजू आपापलं उदाहरण फेकतात. पण दोन्हीकडे उत्तर एकच निघतं, शेजारच्या सीटवर दुसरा वैमानिक हवा. म्हणूनच २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम ६० वरून ६५ झाला तेव्हा अट होती की दोघांपैकी एकाने साठी ओलांडली असेल तर दुसरा साठीच्या आतला पाहिजे. २०१४ मध्ये ती अट गेली. पण ६० नंतर एकट्याने व्यावसायिक विमान चालवायला अजूनही बंदी आहे आणि तब्येतीची तपासणी दर सहा महिन्यांनी. जपानने तर ६७ पर्यंत मुभा दिली आहे.

मग संघटनांचा विरोध कशाला? काही प्रमाणात काळजी तब्येतीची. पण पगाराचं गणितही आहे. विमान कंपनीत सगळं ज्येष्ठतेवर चालतं. वरचा कॅप्टन दोन वर्षं जास्त बसला की खालचा को-पायलट दोन वर्षं डाव्या सीटवर येत नाही. मोठं कर्ज काढून ट्रेनिंग घेतलेला पोरगा खाली वाट बघत बसतो. कंपन्यांना मात्र तयार कॅप्टन हवे आहेत, कारण नवीन कॅप्टन तयार व्हायला वर्षं जातात.

जेआरडींनी ही रांगही पाहिली, फक्त वरच्या टोकाकडून. ते टाटा सन्सच्या खुर्चीवर बसले १९३८ ला आणि उठले मार्च १९९१ ला. वय ८६. त्या अर्ध्या शतकात समूहातल्या कंपन्यांवर एकेक दिग्गज माणूस ठाण मांडून बसला होता. त्यांच्या जागी आलेल्या रतन टाटांनी काय केलं? वयाचा नियम काढला आणि संचालकांसाठी ७५ ची रेघ मारली. टाटा स्टीलचे रुसी मोदी मोठ्या वादानंतर १९९३ मध्ये बाहेर पडले. जेआरडी तेव्हा हयात होते. ज्यांना त्यांनी हात धरून मोठं केलं, त्यांचं जाणं त्यांनी पाहिलं. रतन टाटांनी तोच नियम स्वतःलाही लावला, २८ डिसेंबर २०१२ ला ७५ व्या वाढदिवशी खुर्ची सोडली.

१९९२ मध्ये जेआरडींना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांना पुरलं. जन्म झाला त्याच शहरात.

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला टाटांकडे परत आली. तिथल्या ज्या कॅप्टनचा ५८ ला निरोप समारंभ व्हायचा, तो आता डाव्या सीटवर आणखी सात वर्षं बसू शकतो. जुहूच्या धावपट्टीवर मात्र आता मोठी विमानं येत नाहीत. दिवसभर तिथे हेलिकॉप्टर उतरत असतात, समुद्रावरच्या तेलविहिरींवर कामाला निघालेली माणसं घेऊन.